झाडीपट्टीत नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी: लोकांचे शेरे कसे ऐकावेत

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात येणाऱ्या नव्या मुलामुलींचे संवाद लवकर पाठ होतात. लोकांचं बोलणं पचवणं जड जातं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावांत दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो. रात्री उशिरा पडदा उघडतो, नाटक संपतं तेव्हा उजाडत आलेलं असतं. तोंडावरचा रंग पुसता पुसता किंवा टपरीवरच्या पहिल्या चहासोबत समीक्षा थेट कानावर येते. शहरातल्या नटाला वर्तमानपत्र मिटून ठेवता येतं, आपल्याला ती सोय नाही.

नाटक तेच, संच तोच. एका गावात मंडळवाले म्हणतात, ‘लावणी कमी पडली, भाषणच लय झालं.’ पुढच्या गावात बाया म्हणतात, ‘मायलेकीचा सीन रंगला होता, मधातच नाचगाणं कायले घातलं?’ दोघंही खरंच बोलत असतात. मंडळाने पैसे घालून प्रयोग घेतलेला असतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री एकाच गावात दोन-तीन नाटकं लागली की गर्दी फुटते, तिकिटं उरतात आणि राग नटावर निघतो. बाया लेकरं मांडीवर घेऊन थंडीत रात्र काढतात, त्यांना गोष्ट हवी असते. त्यामुळे ‘पडलं’ किंवा ‘गाजवलं’ या निकालावर झोप उडवू नका. बोलणाऱ्याने काय पाहिलं, ते विचारा.

आमच्या कंपनीत एक नवी मुलगी आईची भूमिका करायची. मुलगा गेल्याच्या प्रसंगात ती खरंच रडायची, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. एका गावात पुढे बसलेले म्हातारे बाबा तिला म्हणाले, ‘रडली चांगली वो बाई, पन पदर सावरत होती.’ बस, एवढंच. दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्यांनी धरली होती. ज्या आईचं पोर गेलं, तिचा हात पदराकडे जात नाही. पुढच्या प्रयोगाला तिने दोन्ही हात पोराच्या अंगावरच ठेवले. मी विंगेत उभी होते. मंडप असा गप्प झाला की पेटीवाल्याने सूर धरायला क्षणभर उशीर केला.

असं बोलणारा माणूस भेटला की त्याला धरून ठेवा. नाटकाचं शिक्षण त्याने घेतलेलं नसतं, पण लहानपणापासून दरवर्षी नाटकं पाहून त्याची नजर तयार झालेली असते. 2023 साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांना ही रंगभूमी प्रथमच कळली. इथल्या प्रेक्षकाने मात्र आपले नट कधीच पारखून घेतले होते.

स्तुतीचंही तसंच. वन्स मोअर गाण्याला मिळतो, कधी चालीला, कधी कपड्यांनाही. आपल्याला कशासाठी मिळाला हे ओळखता यायला हवं.

टपरीवर उलट उत्तर देऊ नका. ‘जी, लक्षात ठेवतो’ म्हणा आणि गाडीत बसा. जागरणाने डोकं तापलेलं असतं, तेव्हा काहीच ठरवू नका. झोप झाल्यावर वहीत गावाचं नाव आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. एकमेकांना न ओळखणाऱ्या गावांतून तोच शेरा परत आला, तर दिग्दर्शकाशी बोला. त्याला न विचारता संवाद किंवा जागा बदलू नका, समोरच्या नटाची वेळ चुकते. दिसण्यावर, जातीवर किंवा बाईपणावर कोणी बोललं, तर ते वहीत लिहायचं नाही. ते कंपनीच्या मालकाला त्याच दिवशी सांगायचं.