विज्ञानकथेतली लढत लटकी वाटते? अ‍ॅनिमेशनपट करताना या चुका टाळा

चंद्रावरच्या खाणीत दोन कामगारांची जुंपते, एवढाच प्रसंग असलेला आमचा तीन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट पहिल्यांदा जोडून झाला, तेव्हा तो पाहायला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शेजारचे काका आले होते. तरुणपणी त्यांनी माणिकरावांच्या आखाड्यात, म्हणजे १८८० साली सुरू झालेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात, बरीच वर्षे मेहनत केलेली आहे. ठिणग्या, धूळ आणि हलता कॅमेरा यांवर आम्ही तीन आठवडे खर्च केले होते, काकांनी त्यांतल्या कशाचीच दखल न घेता विचारले, “अरे, याचा मागचा पाय कुठे आहे? पाय रुतल्याशिवाय हातात जोर येईल कुठून?” त्या दिवसापासून आम्ही कोणतीही बिघडलेली लढत तपासताना आधी एकच गोष्ट पाहतो: शरीराला वजन आहे का, आणि ते वजन कशावर रेटा देते आहे. चिलखत, किरण, स्फोट हे सारे त्यानंतरचे आहे.

पाय सरकतो, ठोसा पोहतो

पाय जमिनीवर टेकलेला असूनही बर्फावरून घसरल्यासारखा दिसत असेल, तर दोष बहुधा दोन कीफ्रेमच्या, म्हणजे ज्यांत आपण स्थिती स्वतः ठरवतो त्या फ्रेमच्या, मधल्या वक्रात (हालचालीच्या आलेखरेषेत) असतो. ब्लेंडर या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही कीफ्रेमवर पायाची जागा तीच ठेवली, तरी वक्राला वळण देणारी हँडल ‘ऑटोमॅटिक’ प्रकारची असतील तर वक्र त्या किमतीच्या पलीकडे फुगू शकतो आणि पाय मधल्या फ्रेममध्ये हलतो. अशा वेळी हे वक्र दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून त्या पायापुरती हँडल ‘ऑटो क्लॅम्प्ड’ किंवा ‘व्हेक्टर’ करावीत. तरीही घसरण थांबली नाही, तर तो पाय एफकेवर (फॉरवर्ड किनेमॅटिक्स, म्हणजे वरच्या सांध्यापासून खाली एकेक सांधा फिरवण्याची पद्धत) राहिला आहे का ते पाहावे. एफकेमध्ये कंबर हलली की पाय तिच्यामागे ओढला जातो, म्हणून टेकलेला पाय आयकेवर (इन्व्हर्स किनेमॅटिक्स, म्हणजे पावलाची जागा ठरवली की गुडघा आपोआप वळतो ती पद्धत) ठेवणे श्रेयस्कर.

ठोसा पाण्यातून चालल्यासारखा मंद दिसतो, याचे कारण मात्र वेगळे आहे. नवखा कलाकार हात मागे नेणे, पुढे फेकणे आणि परत घेणे या तिन्हींना सारखाच वेळ वाटून देतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर आम्ही पवित्रा घेण्यासाठी सहा ते आठ फ्रेम देतो, प्रत्यक्ष प्रहार दोन किंवा तीन फ्रेममध्ये संपवतो आणि सावरण्यासाठी दहा-बारा फ्रेम मोकळ्या सोडतो. आधी टाच, मग कंबर, मग खांदा आणि सर्वांत शेवटी मूठ असा क्रम ठेवला आणि प्रत्येक सांध्याला आधीच्या सांध्यापेक्षा एक-दोन फ्रेम उशिरा हलवले, की तोच ठोसा भारी वाटू लागतो. हे डोळ्यांत बसण्यासाठी जुनी चित्रे पाहणे फार उपयोगी पडते. बडोद्यातच १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली निघालेला दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश ग्रंथालयात मिळाला, तर त्यातले कुस्तीचे डाव केवळ पायांकडे लक्ष ठेवून चाळावेत.

मार खाणारा आधीच पडायला निघतो

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातक. प्रेक्षक प्रहाराची ताकद मारणाऱ्याच्या मुठीवरून जोखत नाही, तो ती मार घेणाऱ्याच्या देहावरून जोखतो. मूठ पोहोचण्याच्या दोन फ्रेम आधीच समोरच्याची मान वळली, तर सारी मेहनत वाया जाते. जबड्यावर फटका बसला की प्रथम डोके जाते, दोन-तीन फ्रेमनंतर खांदे त्यामागे जातात, मग कंबर वळते आणि अगदी शेवटी तोल सावरायला पाय उचलला जातो. सगळे शरीर एकाच फ्रेममध्ये मागे गेले, तर तो पुठ्ठ्याचा पुतळा वाटतो. मूठ गालाला टेकल्याची फ्रेम दाखवायलाच हवी, असेही नाही. टेकण्याच्या किंचित आधीची फ्रेम आणि लगेच गाल दबून डोके फिरलेली फ्रेम, एवढ्या दोनच ठेवल्या तर प्रहार पुष्कळदा जास्त जोरकस दिसतो.

चंद्रावर सगळेच मंद होत नाही

आमची खरी फजिती इथे झाली. चंद्राचे गुरुत्व कमी, म्हणून आम्ही अख्खी लढत सरसकट मंद केली, आणि ती स्वप्नातल्यासारखी दिसू लागली. गुरुत्व कमी झाले की पडणे मंद होते. स्नायूंच्या बळावर फेकलेला हात मंद होत नाही. एक मीटर उंचीवरून निसटलेले हत्यार पृथ्वीवर साधारण ११ फ्रेममध्ये जमिनीला टेकते, मंगळावर त्याला १८ फ्रेम लागतात आणि चंद्रावर सुमारे २७. म्हणजे चंद्रावरच्या लढतीत ठोसा तेवढाच झटपट हवा, पण ठोसा खाऊन उडालेला माणूस मात्र बराच वेळ हवेत तरंगल्यासारखा राहिला पाहिजे. पडतानाचे अंतरही समान ठेवू नये. समान वेळांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतात, मग ग्रह कोणताही असो.

याहून सूक्ष्म गोष्ट पायांखालच्या पकडीची आहे. वजन पृथ्वीवरच्या सहाव्या हिश्शाइतके उरते, त्यामुळे जमिनीशी होणारे घर्षणही त्याच प्रमाणात घटते, पण शरीराचे वस्तुमान तेवढेच राहते. परिणामी मोठ्या जोराने धक्का देणारा स्वतःच मागे घसरतो, आणि धावत आलेल्याला थांबायला कितीतरी जास्त जागा लागते. आम्ही आमच्या कामगाराला एक पाय रुळाच्या लोखंडी पट्टीखाली अडकवायला लावले, तेव्हा कुठे त्याच्या ठोशात जीव आला. काकांनी विचारलेला मागचा पाय तो हाच. यानाच्या आत, जिथे वजन जाणवतच नाही, तिथे तर काही धरल्याशिवाय मारताच येत नाही: सारख्या वस्तुमानाचे दोघे ठोशानंतर सारख्याच वेगाने एकमेकांपासून दूर जातात, आणि फटका मध्यापासून बाजूला बसला तर गिरक्याही घेतात.

महाकाय यंत्रमानवाच्या बाबतीत चूक नेमकी उलट होते. तो माणसाच्या चपळाईने हलतो आणि खेळण्यासारखा दिसतो. उंची दहापट झाली तर त्याच गुरुत्वात त्याच प्रमाणातल्या पडण्याला आणि पायाच्या झोक्याला दहाच्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे ३.२ पट वेळ लागतो. १.८ मीटरच्या माणसाला कोसळायला २० फ्रेम लागत असतील, तर १८ मीटरच्या यंत्राला ६३ द्याव्यात.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा विनाकारण ओलांडू नये, आणि कॅमेरा हलवायचाच असेल तर तो प्रहाराच्या फ्रेमनंतर हलवावा, म्हणजे हादरा ठोशातून आल्यासारखा दिसतो. निर्वात पोकळीत आवाज पोहोचत नाही हे पुष्कळांना ठाऊक असते. पण मूठ पोशाखाला लागते तेव्हा कंप पोशाखातून आत जातो, म्हणून शिरस्त्राणातल्या श्वासाबरोबर एक दबका, बसका धप्प ठेवायला हरकत नाही.

किरण चुकवण्याचा प्रसंग अनेकांना मोहात पाडतो. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा किरण पाहून वाकणारा नायक कुणालाच पटणार नाही. शिवाय डोळ्यांनी पाहून हालचाल सुरू करायला माणसाला सेकंदाचा साधारण पाव भाग, म्हणजे सहा फ्रेम लागतात. म्हणून आधी नेम धरणाऱ्याचा खांदा ताठताना दाखवावा, नायकाची नजर त्या खांद्यावर असावी, सहा फ्रेमनंतर त्याची कंबर हलू लागावी आणि ती पुरती बाजूला झाल्यावरच ट्रिगर दाबला जावा.