नवी दख्खनी मेंढी त्याच दिवशी कळपात सोडू नका

घाटावरचे धनगर माळशेजने परत चढायला लागले की मुरबाड, शहापूरच्या गावांत मेंढ्या विकायला निघतात. भाव जरा उतरलेला असतो, जनावर आपल्याच शिवारात चरताना पाहिलेलं असतं. माडग्याळ जातीच्या मेंढ्या किंवा शेळ्या पाळणारे दोन-चार दख्खनी माद्या घेतात आणि संध्याकाळी जुन्या वाड्यातच कोंडतात. घात होतो तो इथे. जूनमध्ये पाऊस लागतो आणि सगळा कळप नाक गाळत, हगवण लागून एका छपराखाली उभा असतो. अशी अख्खी दावण रिकामी झालेली घरं मी पाहिली आहेत.

नवी मेंढी ३० दिवस वेगळी ठेवा. आपल्याकडे पाऊस १० जूनच्या सुमारास येतो, म्हणजे खरेदी मेच्या पहिल्या आठवड्यात उरकली पाहिजे. तो हुकला तर यंदा घेऊच नका. दिवाळीनंतर धनगर पुन्हा खाली उतरतातच. भर पावसात दोन वाडे कोरडे ठेवणं छोट्या शेतकऱ्याला जमत नाही.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा झपाट्याने पसरणारा विषाणूजन्य रोग) अंगात असलेली मेंढी पहिले चार-सहा दिवस धडधाकट दिसते. त्यामुळे 'विकणारा ओळखीचा आहे' याला काही अर्थ नाही. माझा अंदाज विचाराल तर पहिल्या आठवड्यात जी मेंढी चरून सगळ्यांच्या मागे परतते, तिच्यावर लक्ष ठेवा. खूर उचलून वास घ्या. कुजका वास आला तर खूर सडायला लागले आहेत आणि चिखलात ते कळपभर पसरणार.

वेगळं ठेवलेल्या महिन्यात:
– वेगळी बादली, वेगळी गव्हाण. चारा आधी जुन्यांना, मग नव्यांना
– जंतनाशक: अल्बेंडाझोल किलोला ७.५ मिलिग्रॅम (२५ किलोच्या मेंढीला २.५ टक्क्यांचं औषध ७.५ मिली), नुकत्याच फळलेल्या मादीला नको
– खुरांना १० टक्के झिंक सल्फेट: १० लिटर पाण्यात १ किलो
– पीपीआर, आंत्रविषार, घटसर्प लसी सरकारी दवाखान्यातून, जुन्या जनावरांनाही
– पावसाआधी लोकर कातरणी. कातर आधी जुन्यांवर, मग नव्यांवर

कातरणी टाळू नका. दख्खनीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. पैसा त्यात फारसा नाही. पण कोकणच्या पावसात भिजलेल्या लोकरीत माशी अंडी घालते आणि किडे पडतात.

दुकानदार गाईम्हशींचं खनिज मिश्रण गळ्यात मारतील. घेऊ नका. त्यातलं तांबं मेंढीला सोसत नाही, यकृतात साठतं आणि एक दिवस जनावर अचानक मरतं. मोरचूदातही तांबंच असतं, त्याचं पाणी तर तोंडाला लागूच देऊ नका. महागड्या लिव्हर टॉनिकच्या पैशात वेगळ्या वाड्याचं कुंपण होतं. जबड्याखाली सूज दिसली तर टॉनिक न पाजता १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. भातखाचरातल्या साचलेल्या पाण्याकाठी चरणाऱ्या मेंढ्यांत ही सूज बहुधा यकृतातल्या पर्णकृमींची (पानासारख्या चपट्या जंतांची) असते.

महिना झाला तरी सगळ्या एकदम सोडू नका. जुन्यातली एक-दोन जनावरं आठवडाभर नव्यांत ठेवा. ती नीट खात-रवंथ करत राहिली तरच मधलं कुंपण काढा.