जनरेटरच्या टाकीतली बुळबुळ: आधी पाणी काढा, मग औषध

पावसाळा सरला की बडोद्यातल्या सोसायट्यांमधून मला ठरलेला फोन येतो: "जनरेटर सुरू होतो, पाच मिनिटं चालतो आणि दम टाकतो." फिल्टर उघडून बघा. कागदावर काळपट, बोटाला चिकटणारी बुळबुळ असेल तर पंप-इंजेक्टरला दोष देऊ नका. टाकीत जंतू झालेत.

जिवाणू आणि बुरशी राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. सोसायटीची टाकी वर्षभर अर्धी रिकामी असते. दिवसा तापते, रात्री निवते. व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, दमट हवा आत ओढली जाते, पत्र्याला घाम फुटतो आणि ते पाणी तळाशी बसतं. बायोडिझेल मिसळलेलं असेल तर ओलावा आणखी धरला जातो. मच्छीमार बोटींचे हाल याहून वाईट: हेलकाव्यांनी गाळ उसळतो आणि भर समुद्रात फिल्टर चोंदतो.

आधी खात्री करा. इंजिन रात्रभर बंद ठेवून सकाळी तळाच्या ड्रेन कॉकमधून काचेच्या बरणीत डिझेल घ्या. तासभर हलवू नका. वर पिवळसर डिझेल, खाली गढूळ पाणी आणि दोन्हींच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखा तपकिरी पापुद्रा दिसला, की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. सडक्या अंड्याचा वास आला तर प्रकरण जुनं आहे. असा वास सोडणारे जिवाणू पत्र्याला खड्डे पाडतात. असा वास आला तर टाकीत डोकं घालून बघू नका, तो वायू विषारी असतो.

कामाला लागण्यापूर्वी पॅनल ऑटोवरून काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. लाईट गेली आणि तुमचा हात आत असताना सेट आपोआप सुरू झाला, तर काय होईल याचा विचार करा. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा घाला. आपल्या साध्या डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची, किमान मर्यादा 35 अंश आहे, म्हणून मे महिन्यात हे काम पहाटे करा. जवळ बिडी नको, मोबाईलही नको.

आता पाणी. कॉक उघडा आणि स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडत राहा. माझा सगळा आग्रह इथेच आहे. लोक वरून औषध ओततात आणि पाणी तसंच ठेवतात; महिन्या-दोन महिन्यांत बुळबुळ परत हजर. गाळाचा थर जाड असेल तर टाकी रिकामी करून मॅनहोलमधून पुसून घ्या. आत उतरू नका.

मग औषध, म्हणजे डिझेलसाठीच बनवलेलं बायोसाइड, जंतू मारणारं रसायन. ब्लीच अजिबात नको, त्यातला क्लोरीन धातू खातो. मात्रा टाकीतल्या डिझेलवर ठरते: 120 सेंटिमीटर लांब, 80 रुंद आणि डिपस्टिकवर (टाकीत बुडवून पातळी मोजायच्या पट्टीवर) 50 उंची असेल, तर गुणाकार करून 1000 ने भागा, 480 लिटर. डब्यावर दोन मात्रा लिहिलेल्या असतात, झालेल्या संसर्गासाठीची मोठी आणि राखणीची छोटी. आत्ता मोठी घ्या. अर्धी मात्रा सगळ्यांत वाईट, चिवट जंतू मागे उरतात. औषध टाकून वर डिझेल भरा म्हणजे ते नीट मिसळेल (हे वरचं डिझेलही मात्रेच्या हिशेबात आधीच धरा), आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या, बहुधा एक-दोन दिवस.

मेलेले जंतू विरघळत नाहीत, फिल्टरमध्येच येतात. म्हणून जास्तीचे फिल्टर आधीच आणून ठेवा; पहिला काही तासांतच भरू शकतो. शक्य असेल तर छोटा पंप, वॉटर सेपरेटर आणि आधी 10, मग 2 मायक्रॉनचा फिल्टर जोडून डिझेल फिरवून घ्या: एका कोपऱ्यातून तळाचं ओढायचं, समोरच्या कोपऱ्यात सोडायचं.

निघालेलं पाणी आणि गाळ गटारात ओतू नका. आपले नाले विश्वामित्रीला मिळतात, तिथे मगरी राहतात. बंद डब्यात साठवून प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्या जुन्या तेलवाल्याला द्या.

पुढे दर महिन्याला ड्रेन कॉकमधून बरणीभर काढून बघा. जूनच्या आधी टाकी भरून ठेवा, फक्त वर फुगायला थोडी जागा सोडा, आणि झाकणाचं रबर तडकलं असेल तर आजच बदला.