सीईटीत पर्सेंटाइल कमी असताना अभियांत्रिकी महाविद्यालय कसे निवडावे

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पासष्ट ते ऐंशीच्या दरम्यान पर्सेंटाइल (म्हणजे शंभरांतले तितके परीक्षार्थी आपल्या बरोबरीचे किंवा मागे) मिळालेल्या विद्यार्थ्याच्या घरी निकालानंतर दोन प्रकारचे फोन येऊ लागतात. पुण्या-मुंबईतल्या नामांकित महाविद्यालयांची नावे सुचवणाऱ्या नातेवाइकांचे आणि ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांचे. दोन्ही तूर्त बाजूला ठेवावेत. या गुणांवर महाराष्ट्रात अभियांत्रिकीची जागा बहुधा मिळते. खरा प्रश्न मिळू शकणाऱ्या जागांपैकी चांगली कोणती हे ओळखण्याचा असतो आणि ते काम ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीची महाविद्यालये आणि शाखा क्रमाने नोंदवण्याचा अर्ज, भरण्याची मुदत सुरू होण्याआधीच उरकावे लागते.

सर्वप्रथम पात्रता तपासावी. बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्र किंवा त्याऐवजी चालणारा विषय यांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के गुण लागतात. तेवढे नसतील तर बारावी विज्ञानानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन, पुढे पदविकेच्या गुणांवर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. या वाटेवर पुन्हा सीईटी द्यावी लागत नाही, आणि ज्यांचा पाया कच्चा राहिला आहे त्यांच्यासाठी ही वाट अनेकदा अधिक शहाणपणाची ठरते.

त्यानंतर राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून मागच्या दोन वर्षांच्या सर्व कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांचे कटऑफ, म्हणजे जिथे प्रवेश थांबला ते आकडे, उतरवून घ्यावेत. या तक्त्यातले रकाने पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात पाडतात. ‘जीओपनएच’ यातला ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, मधला भाग प्रवर्ग, आणि शेवटचा ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठ, ज्याच्या क्षेत्रात बारावी झाली ते. ‘एच’च्या जागी ‘ओ’ असल्यास ती जागा अन्य विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांची, आणि ‘एस’ असल्यास राज्यस्तरावरची. सुरुवातीला ‘एल’ असेल तर तो रकाना मुलींसाठीच्या जागांचा. नांदेडला बारावी झालेल्या मुलीने पुण्यातल्या महाविद्यालयाचा ‘एच’ रकाना पाहून आशा धरली, तर तो हिशोब मुळातच चुकतो. तिने ‘ओ’ आणि ‘एस’ हे रकाने पाहायला हवेत. प्रत्येक चौकटीत गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली पर्सेंटाइल दिलेले असते. परीक्षा देणाऱ्यांची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलचा क्रमांक मागे जातो, म्हणून दोन्ही आकडे टिपून ठेवावेत. पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून निराश होण्यात अर्थ नाही; मध्यम गुणांच्या विद्यार्थ्यासाठी शेवटच्या फेरीचाच तक्ता जास्त बोलका असतो.

मात्र मागचा कटऑफ जसाच्या तसा पुन्हा येत नाही. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा उठवल्यानंतर अनेक महाविद्यालयांनी संगणक आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या जागा वाढवल्या. एखाद्या महाविद्यालयात यंदा नवी तुकडी सुरू होत असेल तर तिथला कटऑफ खाली येऊ शकतो. पण तेवढे शिक्षक आणि प्रयोगशाळाही वाढल्या आहेत का, हे विचारल्याशिवाय त्यावर खूश होऊ नये.

आता शाखा आणि महाविद्यालय यांचा कायमचा वाद. ‘कॉम्प्युटरच हवे’ या हट्टापायी ओस पडत चाललेल्या महाविद्यालयात नाव घालण्यापेक्षा, चालत्या-बोलत्या महाविद्यालयात स्थापत्य, यंत्र, विद्युत किंवा अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) शाखा घ्यावी, असे माझे मत आहे. अट एकच, त्या विषयाचा विद्यार्थ्याला तिटकारा नसावा. चंद्रपूर, यवतमाळ, जळगाव, अवसरी येथेही शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत आणि शहराच्या नावावर अडून बसलेल्या पालकांच्या यादीत ती येतच नाहीत. कटऑफ आवाक्यात असेल तर त्यांचा विचार आधी करावा.

यादीतल्या महाविद्यालयांची पारख दोन टप्प्यांत करावी. घरबसल्या पाहण्याच्या गोष्टी अशा: एनबीएचे (राष्ट्रीय मानांकन मंडळाचे) मानांकन शाखेला मिळते, संपूर्ण महाविद्यालयाला नाही, म्हणून प्रवेशद्वारावरच्या फलकावर ते झळकत असले तरी आपल्या शाखेला ते आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का, हे पाहावे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाचा दस्तऐवज असतो. त्यातली शिक्षकांची नावे आणि पात्रता वाचावी. मंजूर शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते, आणि महाविद्यालयाने सांगितलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी.

त्यानंतर वर्ग सुरू असताना, साध्या कामाच्या दिवशी, निवडक महाविद्यालयांना प्रत्यक्ष भेट द्यावी. प्रवेश कक्षातल्या खुर्चीवर बसून चहा घेतल्याने काही कळत नाही. दुपारी प्रयोगशाळेत यंत्रे चालू आहेत की त्यांवर आवरणे आहेत, हे पाहावे. कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलून पहिल्या वर्षात कितीजण सगळ्या विषयांत पास झाले, कितीजणांना एटीकेटी लागली (विषय राहूनही पुढच्या वर्गात गेले) आणि इयर डाऊन किती झाले (वर्ष वाया गेले), हे विचारावे. मध्यम गुणांच्या विद्यार्थ्याला गणिताच्या पेपरात सावरून घेणारे शिक्षक आहेत का, याचे उत्तर इथेच मिळते. प्लेसमेंटबाबत सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा ऐकून घ्यावा आणि सोडून द्यावा. आपल्या शाखेतून किती मुले उत्तीर्ण झाली, त्यांपैकी कितीजणांना नोकरी लागली आणि मधल्या क्रमांकाच्या मुलाला किती पगार मिळाला, हे तीन आकडे मागावेत. ते देताना प्लेसमेंट अधिकारी घुटमळले, तर काय ते समजावे.

पैशाचा हिशोब ऑप्शन फॉर्मच्या आधी मांडावा. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के अधिसंख्य (मंजूर जागांखेरीज वाढीव) जागा असतात, पण त्यांचा पर्याय संकेतांक वेगळा असतो आणि तो स्वतंत्रपणे भरला नाही तर विचारच होत नाही. त्यांचा कटऑफ त्याच शाखेच्या नेहमीच्या जागेपेक्षा सहसा वर असतो. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च मात्र उरतोच. या सवलतींसाठी प्रवेश कॅपमधूनच व्हावा लागतो, आणि व्यवस्थापन कोट्याची जागा सुचवणारे एजंट नेमके हेच सांगत नाहीत. मंजूर शुल्काखेरीज देणगी घेणे महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ऑप्शन फॉर्ममध्ये पर्यायांचा क्रम निव्वळ पसंतीने लावावा. ‘मिळणारच नाही’ म्हणून आवडते महाविद्यालय खाली ढकलण्याची गरज नसते, कारण वरचा पर्याय न मिळाल्यास खालच्या पर्यायावरचा हक्क तसूभरही कमी होत नाही. यादीत आवाक्याबाहेरचे थोडे, बरोबरीचे पुष्कळ आणि मागच्या वर्षी आपल्यापेक्षा बऱ्याच खाली कटऑफ गेलेले काही, असे पर्याय असावेत. फक्त नको असलेली जागा ‘असू दे’ म्हणून वर टाकू नये. २०२५-२६ च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीज (पक्की) होत होती, आणि ती नाकारणारा पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाद होत होता. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावा. बेटरमेंट, म्हणजे मिळालेली जागा हाती ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत उतरणे, निवडताना हेही ध्यानात ठेवावे, की पुढच्या फेरीत वरचा पर्याय लागला की आधीची जागा सुटते. मग ‘पहिलीच बरी होती’ म्हणून मागे फिरता येत नाही.

नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस आणि जातवैधता प्रमाणपत्रे मुदतीत सादर झाली नाहीत, तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात धरला जातो आणि वर केलेला सगळा कटऑफचा अभ्यास वाया जातो. म्हणून या प्रमाणपत्रांचे काम निकालाची वाट न पाहता, परीक्षा संपताच सुरू करावे.