फसलेल्या बॅचची वही फेकू नका

एम.एस्सी.ला असताना रायबंदरच्या मिठागरातला चिखल बाटलीत भरून आणला आणि त्यातून एक जिवाणू वेगळा केला. भरपूर मिठातही त्याचं एंझाइम तग धरायचं. खूश होऊन मी एका परिषदेत पोस्टर लावलं. तापमान, पीएच, बफर, सगळं त्यावर छापलेलं. पुढे एका पेटंटवाल्या बाईंनी विचारलं, "आधी पेटंटचा अर्ज टाकला होता ना? एकदा जाहीर केलेलं नवं राहत नाही." मी गप्प. विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधाला आपल्या पेटंट कायद्यातलं कलम 31 बारा महिन्यांची सवलत देतं, पण ती मुदतही केव्हाच उलटली होती. युरोपात तर पोस्टर लागलं त्याच दिवशी दार बंद झालेलं.

नंतर कळलं, निसर्गात सापडलेला जिवाणू जसाच्या तसा कलम 3(c)मुळे पेटंटला चालतच नाही. एंझाइम वापरण्याच्या पद्धतीला मात्र वाव होता. शिवाय नमुना कुठला ते अर्जात सांगावं लागतं आणि जैवविविधता कायद्यापायी चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडेही जावं लागतं. मी तर चिखल बिनदिक्कत बाटलीत भरला होता!

आता फोंड्यात बसून औषधं आणि जैवतंत्रज्ञानातले पेटंट अर्ज लिहिते. बाबा अजून म्हणतात, "एवढं शास्त्र शिकून शेवटी वकिलीच?" या वाटेला येऊ पाहणाऱ्या मुलांचे फोन येतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: एलएलबी लागतं का? पेटंट अॅटर्नी हा बोलण्यातला शब्द. कायदा ओळखतो तो पेटंट एजंट, आणि त्यासाठी विज्ञान किंवा इंजिनियरिंगची पदवी, भारतीय नागरिकत्व आणि वयाची 21 वर्षं पुरतात. मग परीक्षा: दोन पेपर आणि तोंडी. प्रत्येक पेपरात किमान 50 टक्के, एकूण 60. ही परीक्षा दरवर्षी नेमाने होत नाही, म्हणून जाहिरात निघाल्यावर अभ्यासाला बसलात तर फसाल. एलएलबी मी मागाहून केलं, कारण उच्च न्यायालयात अपील चालवायला सनद हवी.

पहिला पेपर कायद्याचा, तो घोकून निघतो. मसुद्याच्या दुसऱ्या पेपरात शास्त्रज्ञ आपटतात, मीही आपटले. आपल्याला "असे दिसते", "कदाचित" लिहायची सवय. क्लेममध्ये, म्हणजे अर्जात आपला हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या वाक्यात, एकेका शब्दाला वजन असतं. तीन घटक सांगताना "कम्प्रायझिंग" (यांचा समावेश असलेलं) लिहिलंत तर चौथा घटक घालणाराही तुमच्या कुंपणात येतो. "कन्सिस्टिंग ऑफ" (फक्त यांचंच बनलेलं) लिहिलंत तर तोच माणूस हसत बाहेर पडतो.

वेर्ण्यातल्या एका फॉर्म्युलेशनवाल्याचं, म्हणजे औषधाची गोळी जुळवणाऱ्याचं बघा. म्हणाला, "पावसाळी हवेत गोळी फुटायची, म्हणून एक घटक शेवटी घालायचो तो आधी घातला. यात कसलं संशोधन, मॅडम?" मी म्हटलं, "आधी किती वेळा फसलं?" त्याने ओशाळून वही काढली. सात बॅच, सातही गेलेल्या, पण प्रत्येकीचा ओलावा आणि कडकपणा लिहिलेला. तीच सात पानं अर्जात तुलनेची उदाहरणं म्हणून गेली. क्रम बदलणं जाणकाराला सहज सुचलं असतं, हा आक्षेप आम्ही त्याच आकड्यांवर परतवला. निष्कर्ष देखणा दिसावा म्हणून शास्त्रज्ञ जे गाळतो, नेमकं तेच मला लागतं.

औषधात येणार असाल तर कलम 3(d) पाठ नको, पचवा. जुन्याच रेणूचा नवा क्षार किंवा नवं स्फटिकरूप आणलंत तर परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागतं. ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या खटल्यात 30 टक्के जास्त जैवउपलब्धतेचा, म्हणजे रक्तात जास्त औषध पोचण्याचा, आकडा पुढे केला होता. 1 एप्रिल 2013ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोगावरचा गुण, आणि नुसत्या त्या आकड्याने तो सिद्ध होत नाही. आजही नवं स्फटिकरूप घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न हाच: रोग्याला काय फरक पडला?

पहिली नोकरी बहुधा मुंबई-बंगळूरला मिळेल. गोव्यात अशा जागा हाताच्या बोटांवर. गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडेच जातात. पण अर्ज ऑनलाइन आणि सुनावणी व्हिडिओवर, म्हणून अनुभव गाठीला बांधून मी परत येऊ शकले. फक्त जूनमध्ये सुनावणी असेल तर इन्व्हर्टर आदल्या रात्री तपासून ठेवते. एकदा नेमकी 3(d)वर बोलत असताना वीज गेली होती.