बीच व्हॉलीबॉलसाठी अमेरिकेत जाताय? आधी हे विचारा

एमएस करताना फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या महिला बीच व्हॉलीबॉल संघाची मी दोन सीझन स्टुडंट मॅनेजर होते. पहाटे दाताळ्याने वाळू सारखी करायची, कोर्टाच्या पट्ट्या ताणायच्या, प्रवासात जेवणाचा हिशेब ठेवायचा. आता इथल्या खेळाडू मुली फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, फुल स्कॉलरशिप मिळेल ना?"

बहुतेकींना मिळत नाही. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, अनेक वर्षं एका संघाला 6 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येई, आणि ती 14 जणींपर्यंत वाटली जाई. कुणाला अर्धी फी, कुणाला फक्त पुस्तकं. 2025 मध्ये कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून चाललेल्या खटल्यात न्यायालयात तडजोड झाली. ती स्वीकारलेल्या विद्यापीठांत हे बंधन गेलं आणि संघ 19 जणींपुरता मर्यादित झाला. पण मर्यादा उठली म्हणून पैसे आले, असं होत नाही. या खेळाला तिकिटांचं उत्पन्न नगण्य. सगळा भार विद्यापीठाच्या क्रीडा विभागावर. म्हणून फी, राहणं, जेवण, विमा यांतलं नेमकं काय आणि किती वर्षांसाठी मिळणार, हे लेखी घ्या. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं, तेव्हा उरलेली फी नोकरीतून भागवू असं धरून चालू नका.

स्टाफ लहान असतो. काही ठिकाणी इनडोअरचेच कोच बीचही बघतात. ट्रेनर (दुखापती बघणारा) आणि अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर (अभ्यासाचा सल्लागार) बहुधा इतर संघांबरोबर वाटून घेतलेले. ट्रेनर सरावाला हजर असतो का, हे मी तरी आवर्जून विचारेन.

खरी कसोटी अभ्यासाची. सीझन फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि राष्ट्रीय स्पर्धा मेच्या सुरुवातीला, म्हणजे ऐन परीक्षांच्या तोंडावर. एका लढतीत पाच जोड्या खेळतात, आणि एका वीकेंडला अशा तीन-चार लढती. सराव आणि सामने मिळून आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत. आम्ही गुरुवारी दुपारी निघायचो. शुक्रवारचं लॅब गेलंच.

त्यात खेळायला पात्र राहण्यासाठी क्रेडिटचा (पास केलेल्या विषयांच्या गुणभाराचा) नियम: तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला 60, पाचव्याला 80. आमच्या एका खेळाडूने दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विषय बदलला. जुनी बरीच क्रेडिट्स नव्या पदवीत धरलीच गेली नाहीत. मार्क उत्तम, तरी अपात्र ठरायची वेळ आली. आधी कुणी सांगितलं नाही याचा मला आजही राग येतो. अख्खा उन्हाळा तिने समर क्लासमध्ये घालवला, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये तिचं नाव यादीत परत आलं.