वाळवंटातल्या मूक प्रेमपटाचं रीळ गोव्यात लावताना

‘सन ऑफ द शेख’ (1926) हा मूकपटांतला नायक रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याचा शेवटचा चित्रपट. अशा प्रेमपटांची 16 मिमी रिळं गोव्याच्या पावसाळ्यात फार लवकर खराब होतात. चवथीनंतर ऊन पडलं की डबा उघडून आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते रीळ लगेच वेगळं ठेवा, शेजारची रिळंही बिघडतात.

मग आकसणं तपासा. जुन्या फिल्मच्या 100 चौकटी नव्या फिल्मशेजारी ठेवा. एका चौकटीएवढी कमी भरली, म्हणजे साधारण 7.6 मिमी, तर प्रोजेक्टरवर चढवूच नका, फिल्मच्या कडेची भोकं फाटतील. बुरशी पाण्याने पुसू नका, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ पडून चित्रच निघून येतं. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ सुती कापड, हलका हात.

वेग सेकंदाला 18 चौकटी ठेवून पाहा. 400 फुटांचं रीळ सुमारे 15 मिनिटं चालतं. 24 वर लावलं तर विनोदी धावपळ चालून जाते, पण प्रेमिकांची नजरानजर पार वाया जाते. उजळ वाळूवर प्रत्येक ओरखडा दिसतो, म्हणून दर रिळामागे प्रोजेक्टरचं गेट, म्हणजे फिल्म जिथून प्रकाशासमोरून सरकते ती खाच, पुसा.